नळी क्रमांक २१७

“तुझे हात वाईट आहेत,” वझलवार सर म्हणाले. “क्रिस्टल चांगलं आहे, मशीन चांगलं आहे. हात वाईट.”

हे ते त्या वर्षी कितव्यांदा म्हणाले ते मोजणं मी सोडून दिलं होतं. २०१३ सालचा फेब्रुवारी, बुधवारची दुपार. पीएचडीचं सहावं वर्ष सुरू होतं आणि मी सरांच्या केबिनमध्ये उभी होते. विद्यार्थ्याला बसायला सांगायची पद्धत त्या केबिनमध्ये नव्हती.

“सर, तीनदा मोजलं. त्याच नळीतले तीन वेगळे तुकडे घेतले. एकाचाही रोध शून्यावर जात नाही.”

“माझ्या तुकड्याचा गेला ना?”

“गेला.”

“मग?”

मग काय, मग माझे हात वाईट. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. याचा अर्थ, बोलणं संपलं. “उद्या गुरुवार आहे, तुझी हेलियमची पाळी आहे. शुक्रवारी सकाळी मला दुसऱ्या तुकड्याचा आलेख हवा. नाही आला तर प्रबंधाचं पुढच्या वर्षी बघू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तोंडातून काय निघालं, तर “हो सर.”

काय चाललं होतं ते आधी सांगते. आम्ही बिस्मथच्या एका संयुगाचे क्रिस्टल वाढवत होतो. टोपोलॉजिकल म्हणतात तसल्या पदार्थांपैकी ते एक. आतून वीज अडवायचं, पृष्ठभागावरून मात्र सुरळीत वाहू द्यायचं. हा पृष्ठभाग अतिवाहक झाला, म्हणजे विजेला काडीचाही विरोध करेनासा झाला, तर जगभरचे लोक ज्याच्या मागे लागलेत ते हाती लागलं. सरांच्या हाती ते लागलं होतं. नळी क्रमांक २१७ मधल्या एका तुकड्याला त्यांनी स्वतः तारा जोडल्या, थंड केला, आणि साडेसहा केल्विनला, उणे दोनशे सहासष्ट अंशांच्याही खाली, त्याचा रोध धाडकन शून्यावर आला. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने लेख स्वीकारला. लेखक दोघेच, सर आणि मी. संस्थेने पुढच्या बुधवारी पत्रकार परिषद ठेवली, शाल-श्रीफळाची ऑर्डरसुद्धा गेली. संपादकांची अट एकच होती: दुसऱ्या एका तुकड्यावर हेच पुन्हा दिसल्याचा आलेख शुक्रवारपर्यंत पाठवा.

तो आलेख माझ्या वाईट हातांतून येत नव्हता.

सर मूर्ख नव्हते, हेही सांगायला हवं. मी त्यांच्याकडून जे शिकले ते आजही विकून खाते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक कोरी वही दिली आणि म्हणाले, “प्रत्येक तुकड्याला नंबर. नंबर चुकला की नमुना मेला, मग त्याला वाचवणारा कोणी नाही.” ते माझ्या अंगात इतकं मुरलं की दुसऱ्याच्या वहीत चुकलेला आकडा दिसला तरी माझा हात शिवशिवायचा.

केबिनमधून निघाले ती तडक मागच्या शेडमध्ये गेले. तिथे शिकलगारचाचा काच फुंकायचे.

इक्बाल शिकलगार मूळचे मिरजेचे. आमचे क्रिस्टल ज्यात वाढायचे त्या क्वार्ट्झच्या नळ्या ते बनवायचे. आत मालमसाला भरायचा, हवा खेचून घ्यायची आणि मग ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीवर नळीचं तोंड असं वितळवून बंद करायचं की आत हवेचा कण शिरू नये. झाल्यावर ते नळीला बाहेरून ठिणगी देऊन बघत. गळती असली की आत जांभळा उजेड पसरतो. चाचांच्या नळीत तो मी कधी पाहिला नाही. वापरलेली नळी ते दुसऱ्यांदा हातात घेत नसत, कुणी आणलीच तर समोर फोडून डब्यात टाकत. आणि हा माणूस अकरा वर्षं कंत्राटावर होता. दर सहा महिन्यांनी नवा कागद. आता कुठे काच कारागिराची एक कायम जागा निघाली होती, आणि सोमवारी तिची मुलाखत होती.

“काय ओ ताई, तोंड का उतरलंय?” काळा चष्मा कपाळावर सारत त्यांनी विचारलं. हातात गरम नळी होती.

“सर म्हणतात माझे हात वाईट आहेत.”

“हात?” ते हसले. “हात वाईट असते तर सहा वर्षांत माझी एक तरी नळी फोडली असती तुम्ही. बसा. ही दोनशे त्रेचाळीस तेवढी थंड हू द्या.”

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. जानेवारीत नेलेल्या नळ्यांच्या सह्या करायच्या राहिल्या होत्या. नेणाऱ्याने नंबर स्वतःच्या हाताने लिहून सही करायची, असा चाचांचा नियम होता. मी लिहिलं, सही केली.

“तुमच्या साताला पट्टा बांधायची खोड काय जात न्हाई,” ते वाकून बघत म्हणाले. मी इंग्रजी सात लिहिताना मध्ये आडवी रेघ मारते. संस्थेत तशी मारणारी मी एकटीच होते. “लांबनं वळखू येतंय ताईंचं अक्षर.”

“चाचा, मला चिडवू नका. आज मी कुणाचा तरी जीव घेईन.”

“मग माझा नका घेऊ, सोमवारपर्यंत लागतोय मला.” मग त्यांनी नीट विचारलं. “सरांच्या तुकड्यात येतंय आणि तुमच्यात न्हाई. नळी तीच?”

“तीच. दोनशे सतरा.”

“भट्टी?”

“तीच.”

“तारा कुणी जोडल्या?”

“त्यांच्या तुकड्याला त्यांनी. इंडियमने. जपानहून कसलीशी महागडी तार आणलीय. मला ती वापरायची परवानगी नाही, मी चांदीची पेस्ट लावते.”

“म्हंजी तेवढंच येगळं हाय की.” चाचांनी खांदे उडवले. “तार तपासा मग. आमच्यात नवीन रॉड आला, नवीन सिलिंडर आला, की आधी भंगार काचेवर लावून बगतो. चांगल्या नळीला हात मागनं.”

“काचेवर? चाचा, काचेतून वीज जात नाही.”

“न्हाई ना जात? मग जे काय दिसंल ते तारेचंच असंल.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तार इंडियमची आहे आणि इंडियम साडेतीन केल्विनच्या खाली स्वतःच अतिवाहक होतं, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलालाही पाठ असतं. सरांचा आलेख साडेसहाला कोसळत होता. म्हणजे इंडियम नव्हे, म्हणजे क्रिस्टलच. असा हिशोब आम्ही सगळ्यांनी मनात करून टाकला होता आणि पुढे कुणीच काही विचारलं नव्हतं. दहावी झालेल्या माणसाने विचारलं.

त्यांनी डब्यातून नखाएवढा काचेचा तुकडा काढला, धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला, तुकडे थंड करायला लागतं ते द्रवरूप हेलियम मिळालं. आमच्याकडे ते आठवड्यातून एकदाच मिळायचं. पाळी वाया गेली की पुढच्या गुरुवारपर्यंत हात चोळत बसायचं. माझ्याकडे एकच फेरी होती आणि ती मी काचेवर खर्च करणार होते. सरांना कळलं असतं तर त्यांनी मला हेलियमच्या भांड्यासकट बाहेर काढलं असतं.

सरांच्या कपाटातून मी ती तार काढली. काचेवर तिचा एक पातळ पट्टा ओढला, चार ठिकाणी तारा दाबल्या आणि तुकडा आत सोडला. दुपारी तीनपर्यंत पडद्यावर एक सुस्त रेघ उतरत होती. पंधरा केल्विन. दहा. आठ. सात.

साडेसहाला रेघ कोसळली.

हुबेहूब तीच उडी. सहा महिने ज्या आलेखासाठी मी शिव्या खाल्ल्या, तो आलेख भंगाराच्या डब्यातल्या काचेने मला काढून दिला होता. मी एकटीच मोठ्याने हसले. मग मला इतका संताप आला की हातातला चिमटा मी कोपऱ्यात भिरकावला. तेच ते वाईट हात.

मी तारेचं रीळ उलटं केलं. वर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर सरांच्या सुबक अक्षरात ‘इंडियम’. पट्टी सोलली. खाली मूळ लेबल होतं, जपानी. पण आकडे आणि मूलद्रव्यांच्या खुणा सगळ्या जगात सारख्याच असतात. बावन्न टक्के इंडियम, अठ्ठेचाळीस टक्के कथील. मिश्रधातू! तो साडेसहाच्या आसपास अतिवाहक होतो, हे पुस्तक उघडल्यावर पाच मिनिटांत सापडलं. सरांनी लेबलावरचा पहिला शब्द वाचला होता आणि पुढच्या शब्दावर आपलं लेबल डकवलं होतं. आमचा क्रिस्टल पापुद्र्यापापुद्र्यांचा. गरम धातू त्यात शिरला, घडीच्या पोळीच्या पदरांत तूप शिरतं तसा, आणि सगळी वीज त्यातूनच गेली. क्रिस्टलने काहीच केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी आलेख छापून केबिनमध्ये गेले. त्यावर नमुन्याचा नंबर घातला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

सरांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. उठून ते टेबलाच्या या बाजूला आले.

“वा! हेमांगी, वा! पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे हा. उतार बघ किती तीव्र! बघितलंस? हात बसला की सगळं येतं. मी काय सांगत होतो?”

“सर...”

“आजच पाठवू. ताबडतोब. कुठला तुकडा आहे?”

“सर, ही काच आहे.”

“हं?”

“भंगारातली काच. तिच्यावर तुमच्या तारेचा पट्टा आहे. बाकी काही नाही.” मी रीळ टेबलावर ठेवलं, सोललेली पट्टी शेजारी ठेवली. “हे इंडियम नाही. अर्धं कथील आहे.”

त्यांनी लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ‘नक्की का?’ असं नाही, ‘पुन्हा मोजलंस का?’ असंही नाही.

“कुणाकुणाला दाखवलंस?”

“कुणालाही नाही.”

“काच कुठून आणलीस?”

“शिकलगारचाचांनी दिली. कल्पनाही त्यांचीच.” हे मी अभिमानाने सांगितलं. छाती पुढे काढून.

“म्हणजे त्याला माहीत आहे.”

“सर, प्रश्न तो नाहीये...”

“प्रश्न काय आहे ते तू मला शिकवणार?” सरांचा आवाज चढला. “माझी परीक्षा घेतेस? नंबर न घालता कागद पुढे करतेस? चौदा वर्षं घातलीत मी या विषयात! तू शाळेत होतीस तेव्हापासून!”

“आणि मी सहा घातली!” मी ओरडले. बाहेर कारकुनाचं टायपिंग थांबलं. “सहा वर्षं माझे हात वाईट! तीनदा मोजून आणलं, तीनदा तुम्ही मला हाकललंत! साधं लेबल वाचलं असतंत तर...”

“गेट आउट.”

“लेख मागे घ्या सर. नाही तर संपादकांना मी लिहीन.”

मी दार आपटलं. ते दार तोपर्यंत कुणी आपटलं नसावं, चौकटीचा रंग खाली पडला.

दिवसभर मी कुठे काय करत होते आठवत नाही. साडेचारला निरोप आला. सर खुर्चीत मागे टेकून बसले होते. सकाळपेक्षा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

“बस,” ते म्हणाले.

मी बसले.

“तुझं बरोबर आहे. लेख मागे घेतोय.” त्यांनी एक कागद पुढे केला. “दोन्ही लेखकांच्या सह्या लागतात. पत्रकार परिषदेचं मी संचालकांशी बोललोय.” मग एक फोल्डर पुढे सरकवलं. “हा तुझा प्रबंधाचा अर्ज. माझी सही झालीय. आणि जर्मनीत पुढच्या संशोधनासाठी अर्ज करणार आहेस ना, त्याचं हे शिफारसपत्र. वाचून बघ, काही वाढवायचं असेल तर सांग.”

शिफारसपत्रात लिहिलं होतं की इतके निष्णात हात त्यांनी तीस वर्षांत पाहिले नाहीत.

संपादकांना लिहिलेलं पत्र चार ओळींचं होतं. सरांनी आपलं पेन उघडून दिलं. मी सही केली, पेन परत दिलं. आम्ही हस्तांदोलन केलं आणि बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. मी जिंकले होते.

इथपर्यंतची गोष्ट मी दर वर्षी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. आता मी स्वतः मार्गदर्शक आहे, माझी प्रयोगशाळा आहे, माझ्या मुलांना मी केबिनमध्ये खुर्ची देते. ‘सर, ही काच आहे’ या वाक्याला वर्गात हमखास हशा येतो. मग मी रीळ दाखवते, जपून ठेवलंय. लेबल वाचत चला, मोठ्या माणसाला घाबरू नका, वगैरे. मुलं टाळ्या वाजवतात. मी तिथेच थांबते.

पुढचं असं झालं.

सोमवारी तीनच्या सुमाराला चाचा माझ्याकडे आले. अंगात पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची पिशवी. चेहरा लालबुंद.

“ताई, मी वापरलेली नळी दिली व्हय तुम्हाला?”

“काय?”

“वापरलेली नळी! न धुतलेली! अकरा वर्षांत एक नळी दाखवा म्हणालो मी त्यांना!” पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर टाकली. “आत पाचजण बसलेत. वझलवार साहेब काय बोलले न्हाईत, खाली बघत होते. दुसऱ्यानं कागद वाचला. तुमच्या सरांनी संपादकाला लिवलेला. काच कारागिरानं आधी वापरलेली नळी नीट साफ न करता पुन्हा दिली, तिच्यातलं कथील नमुन्यात मिसळलं, म्हणून निष्कर्ष चुकला. असं लिवलंय. तुमच्या हलगर्जीपणानं संस्थेची नाचक्की झाली म्हणाले मला. आणि खाली दोन सह्या हायत म्हणाले. एक तुमची.”

मी समोरचा उघडा खण आत ढकलला.

“चाचा, मी वाचलं नव्हतं,” मी म्हणाले. विचार करायच्या आधीच निघून गेलं ते. “त्यांनी घाईघाईत सही घेतली. मला वाटलं, नुसतं मागे घेतल्याचं पत्र आहे.”

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचे खांदे खाली आले.

“मला वाटलंच. मी आत बी तेच म्हणालो. ताई असलं लिवणार न्हाईत, फसवून घेतली असंल सही.” मग ते माझ्यावरच माया करायला लागले. “तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. माणूसच तसला हाय तो. खापर फोडायला डोकं पायजे होतं त्याला, माझं घावलं. चला तुम्ही माझ्यासंगं. कमिटी चहाला उठलीय, परत बसंल. एवढंच सांगा, वाचलं न्हवतं म्हणून. काचेचं सांगा. तारेचं सांगा.”

“आत्ता?”

“आत्ताच की. पाच वाजता निर्णय लिवत्यात.”

फोल्डर माझ्या खणात होतं. अर्ज अजून जमा झाला नव्हता. शिफारसपत्र अजून गेलं नव्हतं.

“चाचा, असं तोंडी सांगून ते ऐकायचे नाहीत. मी लेखी देते. उद्या सकाळी.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “लेखी बरं पडंल म्हंता?”

“हो. पक्कं होईल.”

“उद्या नक्की?”

“नक्की.”

ते गेले. जाताना दार हलकेच ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहायला बसले. वझलवारांबद्दल पानभर लिहिलं, एकेक शब्द धारदार, वाचताना मलाच बरं वाटत होतं. पण प्रत्येक मसुद्यात एक वाक्य यायला हवं होतं, ‘मी न वाचता सही केली’, आणि तिथे आले की पेन अडायचं. तीन कागद फाडले. मंगळवारी सकाळी मी विद्यापीठात गेले आणि प्रबंधाचा अर्ज जमा केला. दिवसभर संस्थेकडे फिरकले नाही.

बुधवारी, पत्रकार परिषद व्हायची होती त्या बुधवारी, मी प्रयोगशाळेत शिरले तर चाचा माझ्या टेबलाशी उभे होते. रोजचा करडा शर्ट. पुढ्यात त्यांचं रजिस्टर.

“काल वाट बघितली मी,” ते म्हणाले.

“चाचा, काल मला...”

“असू द्या. चार्ज द्यायला आलोय. कंत्राट बी थांबवलं त्यांनी. नवीन माणूस येईस्तोवर रजिस्टर तुमच्याकडं ठेवा म्हणाले.” आवाज शांत होता, पण त्यात मला कुठेच जागा नव्हती. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “वकिलाला दाखवायला म्हणून हापिसातनं त्या पत्राची झेरॉक्स घेतली. घरी नेली, पोरीकडनं वाचून घेतली. इंग्रजीत हाय. ती म्हणाली, अब्बा, हितं एक आकडा खोडलाय.”

त्यांनी कागद टेबलावर उलगडला.

दुसऱ्या ओळीत सरांनी टाइप केलं होतं, नळी क्रमांक २७१. आकड्यांची अदलाबदल झाली होती. त्याच्यावर पेनाची एक बारीक रेघ होती, आणि वर, सुवाच्य, २१७. इंग्रजीत. सातावर आडवी रेघ.

चाचांनी रजिस्टर उघडून त्याच्या शेजारी ठेवलं. नोंद क्रमांक २१७, माझी सही, माझा सात.

मी ते पत्र वाचलं होतं. शुक्रवारी, त्या खुर्चीत बसून, चारही ओळी दोनदा वाचल्या होत्या. हे खोटं आहे हे मला पहिल्या वाचनात कळलं आणि नंबर चुकलाय हे दुसऱ्या. खोटं तसंच ठेवून मी नंबर दुरुस्त केला.

“वाचलं न्हाई म्हणालात,” चाचा म्हणाले.

“चाचा, माझं ऐका...”

“चाचा म्हणू नका मला!” त्यांनी टेबलावर मूठ आपटली. रिळं, चिमटे, सगळं उडालं. अकरा वर्षांत त्यांचा आवाज असा कधी कुणी ऐकला नसेल. “आत पाचजणांसमोर मी तुमच्यासाठी भांडलो! माझं ऱ्हाऊ द्या म्हणालो, पोरीला बोल लावू नका म्हणालो! आणि तुम्ही...” त्यांनी बोट त्या खोडलेल्या आकड्यावर टेकवलं. जुन्या भाजण्याच्या खुणा असलेलं, जाडसर बोट. “हे तेवढं कशाला दुरुस्त केलंत?”

मी माझे हात पाठीमागे घेतले.

त्यांनी रजिस्टरची पानं शेवटपर्यंत उलटली. शेवटची नोंद होती दोनशे त्रेचाळीस, माझ्यासमोर थंड झालेली. त्याखालच्या सगळ्या ओळी कोऱ्या होत्या.

“दोनशे एकाहत्तर नंबरची नळी मी अजून केलीच न्हाई,” ते म्हणाले. “तेवढी चूक ऱ्हाऊ दिली असतीत, तर सुटलो असतो मी.”